मले आणि आमाले

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शाहीनच्या पडद्यावर लाल चौकोन आला. शनिवारचा तिचा एक निर्णय चुकला आहे, असं त्यात लिहिलं होतं. दोन वर्षांत असे चौकोन तिला फार तर पाच-सहा वेळा आले असतील. त्या दर वेळी चूक तिचीच होती आणि तिने ती निमूट मान्य केली होती. या वेळी मात्र ती चौकोनाकडे पाहत खुर्चीत मागे टेकून बसली. चूक आपली नाही याची तिला इतकी खात्री होती की रागही आला नाही. फक्त कानशिलं गरम झाली. अमरावतीत बडनेरा रोडवर एका गाड्यांच्या शोरूमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, ते ऑफिस होतं. खाली नवीन ट्रॅक्टरांना हार घातले जात आणि वर अकरा माणसं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मराठीत लिहिलेल्या पोस्टी वाचत. एका मोठ्या संकेतस्थळाचं हे काम कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या हातांतून फिरत अमरावतीपर्यंत आलं होतं. आधी यंत्र वाचायचं, यंत्राला शंका आली की पोस्ट माणसापुढे यायची. माणसाजवळ तीन बटणं होती: राहू द्या, काढा, वर पाठवा. एका पोस्टीला पाऊण मिनिट. फोन, कागद, पेन काही आत न्यायचं नाही. सगळं जिन्याजवळच्या कपाटात कुलपात. वऱ्हाडी बोलीतलं जे काही येई ते शाहीनकडे येई. बाकीच्यांना ती बोली येत नव्हती असं नाही, पण कोण खरं भांडतंय आणि कोण नुसतं भांडल्यासारखं बोलतंय हे शाहीन ज्या वेगाने सांगे तो वेग दुसऱ्या कुणाकडे नव्हता. 'तुले वावरातच गाडतो बे' हे यंत्राला खुनाची धमकी वाटे. शाहीनला त्यात दोन मित्र दिसत, आणि बहुधा एकाचं लग्न ठरलेलं असे.

चूक लागली होती ती पोस्ट तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या आशाबाईची. आशाबाईची पिठाची गिरणी होती आणि फेसबुकावर 'गिरणी केंद्र' नावाचं पान. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवत होती, आणि दळण होईपर्यंत बाया ज्या गोष्टी सांगत त्यांच्या बातम्या करून ती पानावर टाकत होती. आसपासच्या तीस-पस्तीस गावांतली माणसं त्या वाचत. बोंडअळीने कापूस खाल्ल्याला एक वर्ष झालं होतं, दुसऱ्या वर्षीची फवारणी चालू होती, आणि आश्विनातल्या त्या शुक्रवारी आशाबाईने लिहिलं होतं: 'गिरणी केंद्रावरून आशाबाई बातम्या देऊन राहिली. निळ्या झाकणाचं नवीन औषध गावात आलं हाये. ते काल फवारलं. बोंडअळीले भल्लंच आवडलं. पिऊन सगळ्या अळ्या नाचून राहिल्या आन् म्हणतात, आमाले अजून एक बाटली द्या. फवारणारा माणूस तेवढा आडवा झाला, त्याले अकोल्याले नेलं. तरी ज्याले नाचाचं हाये त्यानं मेन रोडवरच्या दुकानातून बाटली न्यावी. बातम्या संपल्या. दळण आणा.' यंत्राने ही पोस्ट काढून टाकली होती. शनिवारी ती शाहीनपुढे आली तेव्हा ती मनातल्या मनात हसली, दुसऱ्यांदा वाचताना हसणं थांबलं, आणि तिने 'राहू द्या' दाबलं. बाटली बनावट आहे, अळी मरत नाही, माणूस मरायला टेकतो, घेऊ नका, एवढं सगळं त्या बाईने आठ ओळींत सांगितलं होतं आणि कुणावर खटला होईल असा एक शब्दही वापरला नव्हता. पुण्यात तपासणीला बसणाऱ्या आकांक्षा मॅडमनी ते उलटवलं. शेरा होता: विषारी पदार्थ घेण्यास उत्तेजन. पोस्ट पुन्हा गेली, आणि तिच्यासोबत सगळं पान दहा दिवसांसाठी बंद झालं.

अचलपूरला शाहीनच्या वडिलांचं, अब्दुल सत्तारांचं, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पाठीवर घ्यायचे पंप, त्यांचे वायसर, नळ्या, पितळी तोंडं. लहानपणी शाळा सुटली की ती तिथे जाऊन उलट्या डब्यावर बसे. हातात पुस्तक असे, पण कान माणसांकडे. हंगामात दुकानापुढे शेतकऱ्यांची रांग लागे आणि कुणी सरळ बोलत नसे. कुणी पंप घेऊन आला की अब्बा त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणत, 'आले का? आमी तं समजलो, मेले तुमी.' तो म्हणे, 'मरत होतो, पण तुमचे पैसे बाकी होते.' मग दोघंही गंभीर चेहऱ्याने पंप उलटा करून पाहत. तिला वाटायचं, जगात सगळीकडे माणसं अशीच बोलत असतील. रॉकेलचा, रबराचा आणि औषधाचा मिळून जो एक वास त्या दुकानात होता, तो तिला अजून कधी कधी पोस्ट वाचताना येतो. आला की ती समजते, इथे कुणी मरणाबिरणाचं बोलत नाहीये, इथे दोन माणसं एकमेकांना भेटली आहेत. हे आकांक्षा मॅडमना कसं सांगायचं? त्यांच्याजवळ नियमांची ऐंशी पानं होती. त्या वाईट नव्हत्या. त्या बाटली हा शब्द वाचत होत्या, न्यावी हे क्रियापद वाचत होत्या.

बुधवारच्या बैठकीत अमरावतीची माणसं एका खोलीत बसत आणि पुणे पडद्यावर येई. मतभेदाच्या पोस्टी तिथे चर्चेला घेत. टीमचा प्रमुख वकार अकोल्याचा, शाहीनच्याच वयाचा. त्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की एका चुकीने बरोबर निर्णयांच्या टक्केवारीला काही होत नाही, सोडून दे. ती म्हणाली, सोडणार नाही. आकांक्षा मॅडमनी आपली बाजू नीट मांडली. विनोद असेलही, पण वाचणारा प्रत्येक जण तो विनोद म्हणून वाचेल असं कशावरून? उद्या कुणी खरंच ती बाटली प्यायला तर? त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती हे शाहीनला तेव्हाही जाणवलं. तिने परवानगी मागितली आणि पोस्ट मोठ्याने वाचली, गिरणीच्या घरघरीवरून बोलावं तशी, मान थोडी मागे टाकून, एकही शब्द न हसता. खोलीतली दहाच्या दहा माणसं हसली, वकारसुद्धा. पडद्यावरचं पुणे हसलं नाही. मग ती एकेक ओळ घेऊन सांगत गेली. अळीला आवडलं म्हणजे औषध खोटं. माणूस आडवा झाला ही खरी बातमी. ती मुद्दाम मध्ये, पटकन सांगितली आहे, कारण वऱ्हाडात जी गोष्ट सगळ्यांत जड असते तीच सगळ्यांत हलक्या आवाजात सांगतात. आणि ही बाई स्वतःसाठी कधी 'मी' म्हणत नाही, हे बघा, मागच्या चाळीस पोस्टींत नाही. अळ्यासुद्धा 'आमाले द्या' म्हणतात. आमच्याकडे थट्टा करणारा माणूस नेहमी 'आमी' असतो. 'मी' म्हटलं की तो थट्टा सोडून बोलायला लागला. 'मॅडम,' ती शेवटी म्हणाली, 'हसू येतं की नाही ते नका पाहू. ती बाई कोणाले वाचवून राहिली ते पाहा.' मॅडमनी पोस्ट पुन्हा एकदा, या वेळी हळू, वाचून काढली. मग त्यांनी चूक मागे घेतली, पोस्ट आणि पान दोन्ही चालू करायला सांगितलं, आणि पुन्हा असा गोंधळ नको म्हणून पानाच्या नोंदीत एक वाक्य टाकलं: हे विनोदी पान आहे, येथील मजकूर त्या दृष्टीने वाचावा. ते वाक्य शाहीननेच सुचवलं होतं. संध्याकाळी तिने वकारला गिला वडा खाऊ घातला. दह्यात बुडवलेला तो वडा खाताना वकार म्हणाला, की पुण्याला हरवणारी तू पहिलीच. तिने ते नाकारलं नाही. ती खोलीवर चालत गेली, रिक्षा केली नाही. इतकं हलकं वाटत होतं.

चालताना तिला अकोला आठवलं. अकोल्याला तिचं लग्न झालं होतं, एकविसाव्या वर्षी. निकाह लागून ती निघाली तेव्हा दारात बायका रडत होत्या आणि अब्बा गाडीचं दार धरून उभे होते. सगळे ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, 'चलो, घर में एक आदमी की रोटी तो बची.' लोक हसले. नवरा हसला. शाहीन गाडीत बसली आणि ते वाक्य तिच्या आत जसंच्या तसं जाऊन बसलं. दुकानातली हजार उलटी वाक्यं तिने सुलटी केली होती, हे एक तिला करता आलं नाही. सासरी वर्षभरात सगळं बिघडलं. तिला खोलीत कोंडून ठेवलं जाई, एकदा हात मोडला, आणि अकोल्याहून अचलपूरची बस रोज तिच्या गल्लीच्या तोंडावरून जात असूनही ती दोन वर्षं त्या बसमध्ये चढली नाही. ज्या घराने आपली रोटी वाचवली, त्या घरात कसं जायचं? शेवटी ईदला अब्बाच आले. बाजेवर बसून त्यांनी विचारलं, की तू येत का नाहीस, आमचं काय चुकलं. तिने ते वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. अब्बांचा चेहरा तिने तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, 'बेटा, रोना आ रहा था. इसलिए बोला.' त्याच दिवशी ते तिला घेऊन निघाले. कपड्यांची पिशवी अचलपूर येईपर्यंत त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. पुढे तिने खुला, म्हणजे बायकोने मागून घ्यायचा तलाक, घेतला, बी.ए. केलं, टायपिंग शिकली, आणि या नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलं की थट्टा आणि धमकी यात फरक कसा कराल, तेव्हा ती म्हणाली होती की मला तो जन्मापासून कळतो. अकोल्यातल्या त्या दोन वर्षांची गोष्ट तिने सांगितली नाही. ती खोटं बोलली असंही तिला वाटलं नाही. एकदा चुकलेला कान पुढे चुकत नाही, अशी तिची धारणा होती.

गुरुवारी दुपारी, पावणेचारच्या सुमारास, तिच्यापुढे एक प्रतिक्रिया आली. 'गिरणी केंद्र'च्या त्याच पोस्टीखाली कुणीतरी लिहिली होती, आणि कुणीतरी दुसऱ्याने ती त्रासदायक म्हणून कळवली होती. 'आशाबाई, मले पण ठेवजा एक बाटली. दिवाळीच्या आंदी नाचून घेतो.' पुढे तीन हसरे चेहरे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. खाली दोनशे चौदा लोक हसले होते. यंत्राचा सल्ला होता, राहू द्या. शाहीनचं बोट त्या बटणावर गेलंही. मग थांबलं. काय खटकलं ते तिला लगेच कळलं नाही. पाऊण मिनिटातली वीस सेकंदं गेली. लिहिणाऱ्याचं नाव उत्तमराव होतं. तिने त्याचा फोटो मोठा केला. चाळिशीतला माणूस, पांढरा सदरा, दुकानाच्या फळीपुढे उभा, आणि फळीवर बाटल्या. निळ्या झाकणांच्या. मेन रोडवरचं दुकान ते हेच. तिने खालच्या सगळ्या प्रतिक्रिया उघडल्या. शुक्रवारी त्याने लिहिलं होतं, 'आमी काही बनवत नाही बाप्पा, आमी फक्त इकतो.' बुधवारी पान चालू झाल्यावर लोकांनी त्याला टोमणे मारायला सुरुवात केली, तेव्हा: 'आमच्या दुकानाचं नाव मोठं करून राहिले, आभारी हाओत.' कुणीतरी विचारलं होतं, मंगळवारी दुसरा माणूस पडला तो पण तुमचंच गिऱ्हाईक का? त्याला उत्तर नव्हतं. आणि आज, 'मले पण ठेवजा'. ज्याच्याकडे फळीभर बाटल्या आहेत तो आशाबाईकडे बाटली मागत होता, म्हणजे थट्टा होती. पण 'आमाले' नव्हतं. काल 'आमी' म्हणणारा माणूस आज एकटा पडला होता.

तिने 'वर पाठवा' दाबलं. अशा गोष्टी हैदराबादच्या एका टीमकडे जात, जिवाला धोका असेल त्या पाहणाऱ्या. तिने शेऱ्यात चार ओळी लिहिल्या. चोवीस मिनिटांनी उत्तर आलं: हे विनोदी पान असल्याची नोंद आहे, मजकूर विनोदी, कारवाई नको. ते वाक्य तिने तीनदा वाचलं. तिचंच वाक्य होतं, कालचं. ती उठून वकारच्या टेबलापाशी गेली. वकारने वाचलं आणि म्हणाला की मलाही थट्टाच वाटते, शाहीन, पण तू म्हणतेस तर पुन्हा पाठव. ती म्हणाली, पुन्हा चोवीस मिनिटं. पानावर वरच, दळणाच्या वेळांच्या खाली, आशाबाईचा फोन नंबर होता. कागद नव्हता, पेन नव्हतं. तिने नंबर पाहिला, डोळे मिटून म्हटला, उघडून ताडला, आणि पुटपुटत जिन्याकडे निघाली. दहा आकडे. पोस्ट लिहिणाऱ्याशी संपर्क करायचा नाही हा नियमांच्या पहिल्याच पानावरचा नियम होता आणि त्याखाली तिची सही होती. आपण काय करतो आहोत याबद्दल तिच्या मनात काडीचाही गोंधळ नव्हता. भीती होती ती एवढीच, की मधल्या सात आणि नऊ यांची उलटापालट होईल. ती कपाटाचं कुलूप उघडत असताना वकार तिला अडवायला खुर्चीतून उठला नाही, हे तिने ओझरतं पाहिलं.

फोन उचलला गेला तेव्हा आधी गिरणीचाच आवाज आला. त्यावरून आशाबाई ओरडली की दळण असेल तर सहाच्या आत आणा.

'मावशी, दळण नाही. गिरणी बंद करा एक मिनिट.'

आवाज उतरत गेला. शाहीनने विचारलं, की उत्तमरावांनी खाली लिहिलेलं तुम्ही वाचलं का. आशाबाई म्हणाली, वाचलं की, हसली मी, हुशारच हाये तो बी.

'मावशी, तो हसून नाही राहिला.'

पलीकडे कुणीतरी डबा खाली ठेवला. मग आशाबाईने विचारलं, 'तू कोण वं?'

'अचलपूरची आहे. अब्दुल सत्तार पंपवाल्याची पोरगी.'

'मी नाही ओळखत.'

'नका ओळखू. दुकानात जाऊन पाहा फक्त. काही नसलं तर याच नंबरवर मले शिव्या द्या.'

आशाबाईने पुढे काही विचारलं नाही. फोन बंद झाला की तिने तसाच घाईत कुठेतरी ठेवून दिला, ते शाहीनला कळलं नाही, कारण थोडा वेळ चपलांचा आवाज ऐकू येत राहिला आणि मग तोही नाही. तिने फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि जागेवर येऊन बसली. अकरा मिनिटं ती जागेवर नव्हती, असं पडद्यावर लिहून आलं होतं. सहा वाजेपर्यंत तिने आणखी पोस्टी वाचल्या: एक लग्नाचं निमंत्रण, दोन शिव्या, हरवलेल्या म्हशीचा फोटो, कुणा पुढाऱ्यावरचं गाणं. एकाही निर्णयात ती चुकली नाही, हे नंतर तपासणीत दिसलं. तिला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे, की मध्येच तिला वाटलं, आपला कान खोटा निघावा. आशाबाईने फोन करून घाणेरड्या शिव्या द्याव्यात, सगळ्या तेल्हाऱ्याने हसावं. असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

सहाला तिने फोन घेतला तेव्हा आशाबाईचे चार फोन येऊन गेले होते. जिन्यातच उभी राहून तिने परत लावला. आशाबाई हळू बोलत होती. 'होता,' ती म्हणाली. 'दुकानाचं शटर अर्धं लावलं होतं. मागच्या खोलीत पोत्यावर बसला होता, समोर बाटली, झाकण काढून बाजूले. मी त्या बाटलीकडे पाह्यलंच नाही. म्हटलं, उत्तमराव, माह्या गिरणीचा पट्टा तुटला, बाया खोळंबल्या, चाला. तो पाहतच राह्यला. मंग उठला.' तेव्हापासून तो गिरणीवर होता आणि पट्टा शिवत होता. बायकोला बोलावून घेतलं होतं, तीही तिथेच बसली होती.

शाहीनने विचारलं, 'पट्टा खरंच तुटला होता?'

'नाही वं. त्याले आंगणात बसवलं, पाणी देलं, आन् आत जाऊन विळ्यानं कापला. हाताले काम पाह्यजे होतं त्याच्या.'

दुसऱ्या दिवशी सकाळी, आत जाण्याआधी जिन्यातच, शाहीनने स्वतः सगळं लिहिलेला कागद वकारला दिला. वकारने तो वाचून खिशात घातला, फेऱ्या मारल्या, पुन्हा बाहेर काढला. त्याने म्हणून पाहिलं, की कुणाला कळलेलं नाही, कशाला. ती म्हणाली, पुन्हा असं वाचनात आलं तर मी पुन्हा करणार आहे, तेव्हा आताच कळलेलं बरं. तिला पंधरा दिवस कामावर येऊ नका असं कळवण्यात आलं आणि ते संपल्यावरच्या सोमवारी सुनावणी ठरली. नोकरी जाईल याची तिला जवळजवळ खात्री होती. ती अचलपूरला गेली, अब्बांच्या दुकानात उलट्या डब्याऐवजी आता खुर्चीवर बसली, वायसर निवडून दिले. आकांक्षा मॅडमचा एकदा फोन आला. त्या म्हणाल्या, की मी सुनावणीला तुमच्या बाजूने लिहून देणार आहे, पण मला एक सांगा, बुधवारी तुम्ही मला जे शिकवलंत तेच गुरुवारी लागू केलं असतं तर? शाहीन म्हणाली, हो, तेच लागू झालं, हैदराबादने तेच केलं. मग मॅडमनी पानावरची ती नोंद काढून टाकल्याचं सांगितलं. शाहीनने बरं म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात ती तेल्हाऱ्याकडे, आशाबाईच्या गावी गेली. अंजनगाव, अकोट, आणि पुढे बसच्या दोन्ही बाजूंना उघडी पडलेली कपाशी, वरून हिरवी, बोंडं आतून पोकळ. आशाबाई उंच, सावळी, भुवयांवर पीठ. तिने शाहीनला पाहिलं, 'पंपवाल्याची का?' म्हणाली आणि ताट वाढलं. जेवताना तीच बोलत होती. दवाखान्यातली दोन्ही माणसं घरी आली होती. दुसऱ्याची नजर अजून धूसर होती. पान बंद होतं त्या दिवसांत त्याने बाटली नेली होती. बातमी चालू असती तर नेली नसती, असं गावात सगळे म्हणत होते, आणि उत्तमराव तर सगळ्यांआधी. उत्तमरावाने उरलेल्या बाटल्या कृषी खात्याच्या माणसाकडे जमा केल्या होत्या आणि त्या कोण आणून देत होता हे सहीनिशी लिहून दिलं होतं. माल बिनबिलाचा होता आणि घेताना त्याने काही विचारलं नव्हतं, हेही त्याने लिहिलं होतं. कुणी लिहायला लावलं नव्हतं. आशाबाईने त्या दिवसापासून एकही बातमी टाकली नव्हती. आपण लिहिलं ते खरं होतं, पुन्हा लिहीन, असं ती म्हणाली. 'पण दुकान म्हटलं मी. दुकानात कोण बसते ते मले माहीत होतं,' असं म्हणून ती भाकरी आणायला उठली.

उत्तमराव दुपारी आला. फोटोतल्यापेक्षा बारीक होता, दाढी वाढलेली. सध्या तो रोज दोन-तीन तास गिरणीवर काम करायचा. तो शाहीनपुढे ओट्यावर बसला. आत आशाबाई छिन्नीने गिरणीचा दगड टोचत होती. आपल्याला काही ऐकू येत नाही असं ती दाखवत होती.

'दोनशे लोक हसले,' तो म्हणाला. 'एकालेबी समजलं नाही. आन् खरं सांगू का बाई, मी सोता हसून राहिलो होतो. लिहताना मले हसू येऊन राहिलं होतं. खोटं नाही. मंग तुमाले कसं समजलं?'

शाहीनजवळ उत्तर तयार होतं. बैठकीत तेच सांगितलं होतं, सुनावणीतही तेच सांगायचं ठरवलं होतं, आणि ते चांगलं उत्तर होतं. पण समोरचा माणूस हसतही होता आणि मरायलाही निघाला होता. एकाच ओळीत, एकाच वेळी. कुठल्या शब्दाला धरून ती ते वेगळं करणार होती?

'नाही समजलं,' ती म्हणाली. 'शंका आली. म्हणून विचाराले फोन लावला.'

उत्तमरावने मान हलवली, एकदा, हळू. तेवढ्यात एक म्हातारी गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन दारात आली. तो उठला आणि दोन्ही हातांनी तो डबा उतरवून घेतला.